सगळे पाटील एका भावकीचे नसतात

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऊस आणि डाळिंबाच्या मधेमधे आता तुतीच्या बागा दिसतात. बागेच्या कडेला पत्र्याचं शेड, बाजूंना शेडनेट, आत एकावर एक रॅक. अशा शेडच्या मालकाला विचारलं, की तो सांगतो, "औंदा शंभराची बॅच घेतलीय." शंभर म्हणजे शंभर अंडीपुंज, अर्थात शंभर मादी पतंगांनी घातलेली अंडी. एका पुंजात चारशे ते पाचशे अंडी धरली, तर शंभरात चाळीस-पन्नास हजार अळ्या होतात. पूर्वी इथले कोष विकायला कर्नाटकात रामनगरपर्यंत जावं लागे. आता बारामतीच्या बाजार समितीतही कोषांची खरेदी होते, त्यामुळे हा धंदा रानातून गावगप्पांत आला आहे.

या अंडीपुंजांचं कागदोपत्री पूर्ण नाव आहे 'रोगमुक्त अंडीपुंज'. नवख्या शेतकऱ्याला वाटतं, रोगमुक्त आहेत म्हणजे आता काळजी नाही. मग एखाद्या पावसाळी बॅचला ग्रासेरी लागते, उन्हाळ्यात फ्लॅचेरी येते, थंडीत मस्कार्डिनने अळ्या खडूसारख्या कडक होतात आणि तो विचारतो, हे कसलं रोगमुक्त? प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की 'रोगमुक्त' हा शब्द एकाच रोगापुरता आहे. ग्रासेरी विषाणूमुळे होते, मस्कार्डिन बुरशीमुळे आणि फ्लॅचेरीत बहुतेक वेळा जिवाणूंचा हात असतो. हे रोग शेडमध्ये येतात आणि शेडमध्येच आवरता येतात. ज्या एका रोगासाठी हा शब्द राखून ठेवला आहे, तो मात्र अंड्यातूनच येतो. त्याचं नाव पेब्रिन.

पेब्रिन घडवणारा जीव एका पेशीचा आहे. मात्र तो नेमका कोणत्या कुळातला, हे ठरवायला शास्त्रज्ञांना दीडशे वर्षं लागली. या काळात कणाहीन प्राण्यांच्या पोटात राहणाऱ्या सगळ्या एकपेशी परजीवींची वर्गवारी एकदा बांधली गेली, मोडली गेली आणि पुन्हा बांधली गेली. कणाहीन म्हणजे पाठीचा कणा नसलेले प्राणी: गांडूळ, झुरळ, नाकतोडा, डास, मधमाशी, कोळंबी. ही गोष्ट वरवर प्रयोगशाळेतली वाटते, पण तिचे धागे तुतीच्या शेडपासून गाईच्या गोठ्यापर्यंत येतात.

मिरीचे ठिपके

पेब्रिन लागलेली बॅच लांबून ओळखू येते ती अळ्यांच्या आकारावरून. एकाच दिवशी फुटलेल्या अळ्यांत काही बोटाएवढ्या, तर काही अजून काडीएवढ्या असतात. कुणी कात टाकून मोकळी, तर कुणी मागच्याच कातीत अडकलेली. जवळून पाहिलं तर काहींच्या अंगावर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके दिसतात. दक्षिण फ्रान्सच्या बोलीत मिरीला जो शब्द आहे, त्यावरूनच 'पेब्रिन' हे नाव पडलं.

फ्रान्समध्ये हा रोग पसरला तेव्हा त्याने हाहाकार केला. १८५३ मध्ये तिथे सुमारे २६ हजार टन कोष निघत होते, ते १८६५ पर्यंत ४ हजार टनांवर आले. त्या वर्षी सरकारने लुई पाश्चर यांना आले या गावाच्या परिसरात धाडलं. पाश्चर रसायनशास्त्राचे. रेशीमकिडा त्यांनी कधी हातात धरलेला नव्हता. वाटेत ते कीटकतज्ज्ञ फाब्र यांना भेटले. कोष कानाशी हलवून पाहिला आणि आत काहीतरी आहे की काय, असं त्यांनी आश्चर्याने विचारलं. फाब्र यांनी ही आठवण पुढे लिहून ठेवली आहे. आत सुरवंटाचा पतंग होत असतो, हेही ठाऊक नसलेल्या माणसाने पाच वर्षांत त्या धंद्याला सावरणारी पद्धत शोधून दिली.

पद्धत साधी होती. प्रत्येक मादीला वेगळी ठेवून अंडी घालू द्यायची. अंडी घालून झाली की मादीच कुटायची आणि तो रस सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. रसात चकाकणारे अंडाकृती कण दिसले, तर तिची अंडी नष्ट करायची. आपल्याकडे 'खाण तशी माती' म्हणतात. पेब्रिनच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी आहे, कारण परजीवी आईच्या बीजकोशातून थेट अंड्यात उतरतो.

गंमत अशी, की सुरुवातीला पाश्चर यांनाच हे कण रोगाचं कारण वाटत नव्हते. रोगामुळे शरीरात तयार झालेलं काहीतरी, एवढीच त्यांची समजूत होती. कण दिसले की रोग आहे, एवढं त्यांना पुरेसं होतं. पण तो कण म्हणजे एक जिवंत जीव आहे आणि तो कुणाचा कोण, हा प्रश्न राहिलाच.

त्या कणाला नाव आधीच मिळालं होतं. १८५७ मध्ये नेगेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला 'नोसेमा बॉम्बिसिस' म्हटलं आणि यीस्टसारख्या जिवांच्या रांगेत बसवलं. कणाची लांबी मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाएवढी. पण त्याच्या आत एक करामत आहे. कवचाखाली एक बारीक नळी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. उलगडली तर ती कणाच्या लांबीच्या वीस-पंचवीस पट भरते. पानाबरोबर कण अळीच्या पोटात गेला, तिथला अल्कधर्मी रस त्याला लागला, की आतला दाब वाढतो आणि नळी सुटते. सदऱ्याची बाही आतून बाहेर उलटावी तशी ती उलटत जाते. दोन सेकंदांच्या आत तिचं टोक आतड्याच्या पेशीत रुततं आणि कणातला सगळा जीव त्या नळीतून, सुईतून औषध जावं तसा, पेशीत उतरतो. कवच बाहेर रिकामं पडतं. आत गेलेला जीव पेशीचं अन्न खात दुणावत जातो. पेशी फुटते तेव्हा हजारो नवे कण मोकळे होतात, ते विष्ठेतून पानावर आणि पानावरून शेजारच्या अळीच्या पोटात जातात.

एकच आडनाव

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शास्त्रज्ञांसमोर असे कितीतरी जीव होते. कुणी किड्याच्या पोटात, कुणी माशाच्या कल्ल्यात, कुणी माणसाच्या रक्तात. त्यांच्यात दोन गोष्टी समान होत्या: सगळे परजीवी होते आणि बहुतेकांच्या आयुष्यात बीजाणूसारखी एक टणक अवस्था होती. १८७९ मध्ये लॉयकार्ट यांनी 'स्पोरोझोआ' म्हणजे 'बीजाणूवाले जीव' असा वर्ग काढला. १८८२ मध्ये बाल्बियानी यांनी पेब्रिनच्या जिवाला त्यातच, 'मायक्रोस्पोरिडिया' म्हणजे बारीक बीजाणूवाले म्हणून जागा दिली. त्यानंतर शंभर वर्षं प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत चार वर्ग राहिले: पाय पसरून सरकणारे, शेपटीने पोहणारे, अंगभर केसांनी वल्हवणारे आणि बीजाणूवाले. आपल्यातल्या अनेकांनी ही चौकडी कॉलेजात पाठ केलेली आहे.

या वर्गवारीतली चूक समजायला गावच्या पारावर बसावं. बारामती-इंदापुरात पाटील आडनावाची किती घरं असतील? पाटील हा मुळात हुद्दा. ज्या घराकडे गावाची पाटीलकी, ते घर पाटील. म्हणून शेजारच्या दोन गावांतले दोन पाटील एका रक्ताचे असतीलच असं नाही. सोयरीक जुळवताना जाणती माणसं आडनावावर थांबत नाहीत, कुळी विचारतात, देवक विचारतात. 'स्पोरोझोआ' हे असंच हुद्द्यावरून पडलेलं आडनाव होतं. दुसऱ्याच्या शरीरात राहायचं आणि टणक बीजाणू करून बाहेर पडायचं, हा त्या सगळ्यांचा धंदा. धंदा एक, म्हणून सगळे एका भावकीचे धरले गेले.

नांगरामागचे बगळे

या आडनावातलं खरं जुनं घर ग्रेगॅरिनांचं. १८२८ मध्ये लेऑं द्युफूर या फ्रेंच डॉक्टराने किड्यांच्या आतड्यात हे जीव कळपाने पाहिले, म्हणून लॅटिनमधल्या 'कळपाने राहणारे' या अर्थाच्या शब्दावरून 'ग्रेगॅरिना' हे नाव ठेवलं. त्यांना ते कृमी वाटले होते. ही एकच पेशी आहे, हे पुढे १८४८ च्या सुमारास कोलिकर यांनी ठामपणे मांडलं. आज ग्रेगॅरिनांच्या दीड हजारांहून अधिक जाती वर्णन केलेल्या आहेत आणि त्या सगळ्या कणाहीन प्राण्यांतच सापडतात.

त्यांची गाठ घ्यायला लांब जायला नको. काळ्या रानात नांगरट चालली की ट्रॅक्टरमागे बगळे आणि साळुंक्या उतरतात. त्यांच्या चोचीत जे गांडूळ जातं, त्याच्या शुक्राशयात 'मोनोसिस्टिस' हा ग्रेगॅरिनच असण्याचा मोठा संभव असतो. एकेकाळी महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांत हा ठरलेला प्रयोग होता. गांडूळ चिरायचं, शुक्राशयाचा पांढरा थेंब काचपट्टीवर पसरायचा आणि भिंगातून बघायचं. नवखा विद्यार्थी हमखास फसायचा, कारण तिथे अंगभर केस असलेला लांबट जीव दिसे. वहीत तो केसाळ जीव म्हणून काढला जाई. खरं तर ते केस त्याचे नसतातच. गांडुळाच्या शुक्रपेशी जिथे घडतात, त्याच गोळ्यात घुसून हा जीव त्यांचं द्रव्य खातो. खाऊन झाल्यावर शुक्रपेशींच्या शेपट्या त्याच्या अंगाला चिकटून राहतात. विच्छेदनं कमी झाली तसा हा प्रयोगही मागे पडला. पण वर्गीकरणाचा पहिला धडा तिथेच होता: जे दिसतं ते त्याचंच आहे का, हे आधी तपासा.

वाढ पुरी झाली की दोन मोनोसिस्टिस जवळ येतात, एका कवचात बंद होतात आणि त्यांच्यापासून नावेच्या आकाराचे शेकडो बीजाणू तयार होतात. प्रत्येक नावेत आठ प्रवासी, विळ्याच्या पात्यासारखे वाकडे. पक्ष्याने गांडूळ खाल्लं तरी हे बीजाणू पचत नाहीत. ते विष्ठेतून दुसऱ्या रानात पडतात आणि तिथलं गांडूळ मातीबरोबर ते गिळतं. नांगरामागचा बगळा आपलं पोट भरता भरता मोनोसिस्टिसची टपालसेवाही चालवत असतो.

जोडी, नळी आणि घुंडी

गांडुळातला ग्रेगॅरिन एकाच खोलीचा. नाकतोडे, झुरळं, भुंगेरे यांच्या आतड्यांतले ग्रेगॅरिन मात्र दोन खोल्यांचे असतात. पेशी एकच, पण मधे आडवं पटल. पुढचा भाग डोक्यासारखा आखूड, मागचा धडासारखा लांब आणि केंद्रक त्या मागच्या भागात. कोवळ्या वयात डोक्याच्या पुढे आणखी एक घुंडी असते. तिच्या आधाराने तो आतड्याच्या भिंतीला धरून राहतो. कुणाची घुंडी साधी गोल, कुणाच्या घुंडीला आकडे, कुणाला काटे. मोठा झाला की घुंडी सोडून तो मोकळा होतो आणि ना पाय, ना शेपटी असताना आतड्यात सरळ रेषेत घसरत चालतो.

मग एकामागे दुसरा जोडला जातो. पुढच्याच्या शेपटाला मागच्याचं डोकं. साखर कारखान्याच्या रस्त्यावर हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून ट्रॅक्टर जातो, अगदी तसं हे दृश्य दिसतं.

या जिवाची जात ठरवायची तर काम चिकाटीचं आहे. नाकतोड्याचं आतडं मिठाच्या पाण्यात उघडायचं. परजीवी रंगवून त्याचं रेखाटन करायचं. एकूण लांबीशी डोक्याच्या लांबीचं प्रमाण किती, धडाच्या रुंदीशी डोक्याच्या रुंदीचं किती, हे अनेक नमुन्यांवर मोजायचं. नुसत्या लांबीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण वयाबरोबर ती बदलते. मग आतड्यातून निघालेले वाटोळे कोष ओलसर डबीत ठेवून काही दिवस वाट पाहायची. बीजाणू कसे बाहेर येतात, ते पाहिल्याशिवाय प्रजातीचं नाव पक्कं होत नाही.

ओळखीची चावी साधारण अशी चालते. जीव लवकर जोडी करतो आणि त्याच्या कोषाला बारीक नळ्या फुटून बीजाणूंच्या माळा बाहेर पडतात? मग तो 'ग्रेगॅरिना'. जोडी करतो, पण कोषाला नळ्या नाहीत, तो सरळ फुटतो? 'हर्मोसिस्टिस'. नळ्या आहेत, पण जीव एकटाच राहतो? 'लीडियाना'. बीजाणूंचा आकारही सांगतो: कुणाचे पिंपासारखे, कुणाचे दोन्ही टोकांना निमुळते. भारतातल्या नाकतोड्यांत सापडणाऱ्या एका प्रजातीच्या बीजाणूंना चार काटे असतात, म्हणून १९६९ मध्ये सरकार आणि चक्रवर्ती या भारतीय संशोधकांनी तिचं नावच 'क्वाड्रुस्पायनोस्पोरा' ठेवलं. त्याआधी १९३८ मध्ये भाटिया यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत स्पोरोझोआंवर एक अख्खा खंड लिहिला होता. नंतरच्या अनेक भारतीय संशोधकांनी त्यालाच पाया धरून काम केलं.

ग्रेगॅरिनांचे ढोबळ तीन गट मानले जातात. एक समुद्री प्राण्यांतला, सर्वांत जुन्या चालीचा. दुसरा, नाकतोडा-झुरळ-गांडुळातला; हा यजमानाच्या शरीरात आपली संख्या वाढवत नाही. बीजाणूतून जितके प्रवासी आले, तितकेच मोठे होतात. म्हणूनच त्यांनी भरलेलं झुरळही धडधाकट फिरतं. तिसरा गट मात्र यजमानाच्या आतच दुणावत जातो आणि त्याच्या चरबीचा साठा फस्त करतो. साठवलेल्या धान्या-पिठातल्या तांबड्या भुंगेऱ्याला असा परजीवी लागला की तो मरतो. दुसरा गट पाहुण्यासारखा वागतो, तिसरा बिऱ्हाड थाटून वाढवतो. हा फरक कळला की कुठला परजीवी किडीच्या नियंत्रणासाठी विचारात घ्यावा आणि कुठला नाही, हेही कळतं.

यवतचा डास

पुण्याहून सोलापूर रस्त्याने बारामती-इंदापूरकडे निघालं की यवत लागतं. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असलेलं हे गाव विषाणूशास्त्राच्या नोंदींतही आहे. २००० साली इथे पकडलेल्या एडिस इजिप्टाय डासांतून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत साथ आली होती. त्यानंतर हा आजार भारतातून जणू गेला होता. मग साथ नसतानाच्या काळात विषाणू राहतो कुठे?

याच संस्थेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये एक शक्यता मांडली, ती एका ग्रेगॅरिनची. या डासाच्या पोटात 'अॅस्कोग्रेगॅरिना क्युलिसिस' नावाचा एका खोलीचा ग्रेगॅरिन राहतो. टाकी-रांजणातल्या पाण्यात डासाची अळी त्याचे बीजाणू गिळते, अळीचा कोष होतो तेव्हा परजीवी तिच्या उत्सर्जन नलिकांत सरकतो आणि प्रौढ डासाकडून बीजाणू पुन्हा पाण्यात पडतात. विषाणूबाधित डासांतून निघालेले असे बीजाणू निरोगी अळ्यांना दिले, तर विषाणूही त्यांच्यापर्यंत पोचू शकतो, असं त्या प्रयोगांतून दिसलं. पाणी आटलं तरी बीजाणू टिकतो, म्हणून ही शक्यता लक्षवेधी ठरली. पुढे यवतच्या विषाणूचे जनुकीय धागे तपासले, तेव्हा तो भारतातल्या जुन्या विषाणूंच्या वंशाचा नसून आफ्रिकी वंशाचा निघाला. म्हणजे निदान यवतचा विषाणू बार्शीच्या काळापासून इथे दबा धरून बसलेला नव्हता. इथेही शेवटचा शब्द कुळीचाच ठरला.

या ग्रेगॅरिनला १८९८ मध्ये पहिलं शास्त्रीय नाव दिलं रोनाल्ड रॉस यांनी. मलेरियाचा परजीवी शोधण्यासाठी ते भारतात डासांची पोटं उघडत होते, तेव्हा हा जीव त्यांच्या समोर आला. त्यांना हवा होता तो हा नव्हता, पण आज आपल्याला माहीत आहे, की तो मलेरियाच्या परजीवीचा लांबचा भाऊबंद होता.

भावकी फुटते

हे नातं कळलं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. ग्रेगॅरिन, मलेरियाचा परजीवी आणि कोंबड्यांना होणाऱ्या कॉक्सिडिओसिसचा परजीवी, या सगळ्यांच्या पेशीच्या पुढच्या टोकाला घुसण्याची एकसारखी अवजारं दिसली. १९७० मध्ये नॉर्मन लेव्हिन यांनी त्यांच्यासाठी 'अॅपिकॉम्प्लेक्सा' हे नाव सुचवलं. १९८० च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जुना स्पोरोझोआ मोडून त्यातून अॅपिकॉम्प्लेक्सा, मायक्रोस्पोरा आणि मिक्झोझोआ अशी वेगवेगळी घरं निघाली. वाटण्या झाल्या, पण कोण कुठल्या कुळातला, ते अजून ठरायचं होतं.

'ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये' असं आपल्याकडे म्हणतात. जनुकशास्त्राने नेमकं तेच विचारलं.

पेब्रिनच्या घराचा प्रवास सगळ्यांत नाट्यमय झाला. मायक्रोस्पोरिडियात पेशीची ऊर्जाघरं, म्हणजे मायटोकाँड्रिया दिसत नव्हती. १९८७ मध्ये त्यांच्या रायबोसोमच्या जनुकावरून हे जीव अतिप्राचीन, ऊर्जाघरं निर्माण होण्याआधीच्या काळातले ठरवले गेले. १९९६ मध्ये दुसरी जनुकं तपासली आणि निकाल उलटला. हे जीव प्राचीन नव्हते, तर बुरशीच्या भावकीतले, आयतं खाऊन खाऊन संसार आटोपता केलेले निघाले. २००१ मध्ये त्यातल्या एकाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात जेमतेम २९ लाख अक्षरं आणि सुमारे दोन हजार जनुकं होती. २००२ मध्ये त्यांच्यात ऊर्जाघरांचे आकसलेले अवशेषही सापडले. नेगेलीने १८५७ मध्ये त्याला यीस्टच्या रांगेत बसवलं होतं. कारणं चुकीची होती, पण रांग बरीचशी बरोबर निघाली.

मिक्झोझोआचं तर आणखी वेगळं झालं. रोहू-कटल्यासारख्या माशांच्या कल्ल्यांवर पांढरे दाणे दिसतात, त्यात अनेकदा यांचे बीजाणू असतात. उजनी धरणाच्या काठी जाळी टाकणाऱ्यांना असा दाणा नवा नसावा. १९८४ मध्ये वुल्फ आणि मार्किव यांनी ट्राउट माशावर काम करताना दाखवलं, की या परजीवीचं अर्धं आयुष्य माशात जातं आणि अर्धं चिखलातल्या गांडुळाच्या नात्यातल्या किड्यात. आधी हे दोन वेगळे वर्ग मानले जात होते. प्रत्यक्षात एकाच जिवाची दोन रूपं होती. पुढे जनुकांनी सांगितलं, की हे एकपेशी जीव नाहीतच. हे जेलीफिशच्या कुळातले प्राणी आहेत, परजीवी होता होता काही पेशींएवढे उरलेले.

तिसरी वाटणी गोठ्याशी संबंधित आहे. एक महिन्याच्या आतल्या वासराला पाण्यासारखी हगवण लागते, त्यामागे पुष्कळदा 'क्रिप्टोस्पोरिडियम' असतो. त्याला वर्षानुवर्षं कॉक्सिडियाच्या घरात गणलं गेलं, पण कॉक्सिडियावर चालणारी नेहमीची औषधं याच्यावर फारशी चालत नाहीत आणि पाण्यातल्या क्लोरिनलाही तो दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यातून त्याने चार लाखांवर माणसं आजारी पाडली. जनुकं तपासली तेव्हा तो कॉक्सिडियापेक्षा ग्रेगॅरिनांच्या जवळचा निघाला. झुरळाच्या आतड्यात बिनत्रास राहणाऱ्या कुळाचा एक नातलग वासराच्या आतड्यात पोचला होता. कुळी चुकली की औषधही चुकतं, हे इथे स्पष्ट दिसतं.

वाटण्या अजून संपलेल्या नाहीत. डाळिंबाच्या बागेत परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतात. त्या माश्यांना होणाऱ्या रोगाचा एक परजीवी १९९६ मध्ये आशियाई मधमाशीत सापडला आणि त्याला 'नोसेमा सेराने' हे नाव मिळालं. २०२० मध्ये वर्गीकरणतज्ज्ञांनी त्याला नोसेमातून काढून 'व्हॅरिमॉर्फा' प्रजातीत नेलं. पेब्रिनचा जीव मात्र नोसेमातच राहिला, कारण मूळ नाव त्याच्यावरूनच पडलेलं. जुन्या पुस्तकात एक नाव आणि नव्या लेखात दुसरं दिसलं, तर गोंधळून जायला नको. सातबाऱ्यावर फेरफार नोंदवतात, तसंच हे.

पुन्हा तुतीच्या शेडमध्ये

शेतकऱ्याला यातलं किती लागतं? पेब्रिनच्या जिवाचं कुळ बुरशीशी जुळलं म्हणून मस्कार्डिनचं औषध त्यावर चालेल, असं नाही. भावकी एक असली तरी प्रत्येकाचं घर वेगळं. लागलेली अळी बरी करण्याचा उपाय शेडमध्ये नाही. हातात आहे ते एवढंच: बॅच संपली की शेड ब्लीचिंग आणि चुन्याने धुऊन निर्जंतुक करायचं, कारण टणक बीजाणू कोरड्या धुळीतही तग धरतो; आणि अंडी खात्रीच्या केंद्रातूनच घ्यायची.

त्या केंद्रात अजून पाश्चर यांचीच पद्धत चालते. अंडी घालून झालेल्या माद्यांचे नमुने कुटले जातात, रस गाळला जातो, थेंब काचेवर येतो. सहाशे पट मोठं करून कुणीतरी त्यात चकाकणारा अंडाकृती कण शोधतं. एक जरी सापडला, तर त्या लॉटची अंडी शेतकऱ्यापर्यंत पोचत नाहीत. नाही सापडला, तर अंडीपुंजांना 'रोगमुक्त' हा शब्द मिळतो आणि कोवळ्या अळ्या वाढवणाऱ्या चॉकी केंद्रातून आठ-दहा दिवसांच्या अळ्या ट्रेमध्ये भरून सणसर किंवा निमगाव केतकीच्या रस्त्याने शेडकडे निघतात.